ताणा शिआनचा, बाणा समरकंदचा

पहिला दिवस, शिआन

हॉटेलात बॅगा टाकल्या आणि लगेच बाहेर पडलो. दमली असशील, जरा पड, असं मावशीला म्हणून बघितलं. ती म्हणाली, "विमानात बसून बसून कंबर आखडली, आता चालू दे."

मोठ्या रानहंस पॅगोड्याच्या दक्षिणेला पायी फिरायचा एक लांबच लांब रस्ता आहे. रात्री तिथे दिव्यांचा लखलखाट असतो आणि समोरून येणाऱ्या निम्म्या मुली थांग काळातल्या, म्हणजे सातव्या ते नवव्या शतकातल्या, पोशाखात असतात. छातीवर बांधलेला घेरदार परकर, त्यावर आखूड बाह्यांचं जाकीट, दोन्ही हातांवरून सोडलेली झिरझिरीत ओढणी, कपाळावर लाल फूल. पोशाख भाड्याने मिळतो, वेणीफणीसकट. मावशी एका मुलीच्या मागे मागे चालत गेली आणि तिच्या जाकिटाच्या काठाकडे वाकून बघू लागली. मुलगी थांबली, हसली आणि तिने बाही पुढे केली.

"छापील आहे," मावशी मला म्हणाली. "पण नक्षी बघ. आपला बांगडी मोरच की!"

गोल कडं, कड्यावर मोत्यांसारखे ठिपके, आत समोरासमोर दोन पक्षी. पैठणीवरच्या बांगडी मोराची आठवण होणं साहजिक होतं. दोन्हींचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही, मला तसा पुरावा माहीत नाही. पण या मोत्यांच्या कड्याचं मूळ गाव मात्र माहीत आहे. ते सासानी राजांच्या, म्हणजे इस्लामच्या आधीच्या, इराणचं. सहाव्या-सातव्या शतकात समरकंद-बुखाराच्या सोग्दी व्यापाऱ्यांबरोबर ते चीनमध्ये आलं आणि तिथल्या राजवाड्यांपासून थडग्यांपर्यंत पसरलं.

आम्ही आलो होतो ते याचसाठी. चिनी रेशीम जगभर गेलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. कालिदासाच्या शाकुंतलात रथावरच्या ध्वजाचं कापडसुद्धा चीनांशुक आहे. मला उलट्या बाजूचा प्रवास बघायचा होता. रेशीम बाहेर गेलं त्याच वाटेने परत काय आलं, आणि त्याने चिनी माणसांच्या अंगावरचं कापड कसं बदललं? मावशी येवल्याची. माहेरी माग, सासरीही माग, चाळीस वर्षं पैठणी विणलेली. मी पुण्यात कापडाचं डिझाइन शिकवते आणि त्यातलं निम्मं तिच्या मागाशेजारी बसून शिकले. या प्रवासाला तिच्यापेक्षा चांगली सोबत मला मिळाली नसती.

दुसरा दिवस, शिआन

शान्शी इतिहास संग्रहालय. गर्दी इतकी की काचेपर्यंत पोहोचायला थांबावं लागतं. मातीच्या उंटांसमोर मी बराच वेळ काढला. उंटाच्या पाठीवर काय लादलंय ते कुंभाराने नीट दाखवलं आहे, आणि त्यात रेशमाच्या पिळलेल्या लडी ओळखू येतात.

त्याहून जास्त वेळ 'आन् ज्या' नावाच्या सोग्दी माणसाच्या दगडी पलंगापाशी गेला. हा माणूस इ. स. ५७९ मध्ये वारला. घराणं मूळचं बुखाराकडचं. त्याची कबर २००० साली शिआनच्या उत्तर भागात सापडली. पलंगाच्या पाठीवरच्या कोरीव फळ्यांमध्ये मेजवान्या, शिकारी, तंबूतल्या भेटी आहेत, त्यावर सोनेरी आणि लाल रंग अजून टिकून आहे. माणसांच्या अंगात अरुंद बाह्यांचे, कमरेला पट्टा आवळलेले अंगरखे. त्याचा हुद्दा होता 'साबाओ', म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या वस्तीचा प्रमुख. हा चिनी शब्द सोग्दी भाषेतून आला आणि सोग्दी भाषेत तो आपल्या 'सार्थवाह' या शब्दावरून आला. मावशीला हे सांगितल्यावर ती पलंगाकडे पुन्हा नव्याने बघू लागली.

याच काळातली एक नोंद थांगच्या आधीच्या सुई घराण्याच्या इतिहासात आहे. इराणहून सम्राट वेनला सोन्याच्या तारेचं, भरगच्च नक्षीचं कापड नजराणा म्हणून आलं. त्याने हं छौ नावाच्या अधिकाऱ्याला तसंच विणायला सांगितलं, आणि हं छौने विणून घेतलेलं कापड मूळ कापडाहून सरस निघालं. या हं छौचे आजोबा पश्चिमेकडून व्यापारासाठी सिचुआनमध्ये आले आणि तिथेच स्थायिक झाले. म्हणजे इराणी कापडाची चिनी आवृत्ती काढायचं काम तिसऱ्या पिढीतल्या परदेशी माणसाकडे गेलं. त्याला दोन्हीकडचं कळत असणार.

पुढची पायरी लगेच आली. थांग घराण्याच्या सुरुवातीला दौ शलुन हा अधिकारी सिचुआनमध्ये होता. त्याने राजवाड्यासाठी नवे नमुने काढले: समोरासमोर रानकोंबडे, झुंजणारे एडके, उडणारा फिनिक्स. जोडीची कल्पना आणि गोलातली मांडणी पश्चिमेची, पक्षी-प्राणी मात्र हळूहळू घरचे होत गेले. पुढे कड्यावरचे मोतीही गेले आणि त्यांच्या जागी फुलांची माळ आली. दोनशे वर्षांनंतरही सिचुआनमधले लोक या नमुन्यांना 'लिंगयांगच्या सरदाराचे नमुने' म्हणत, म्हणजे त्याच्या पदवीवरून. एखाद्या नक्षीला माणसाचं नाव चिकटून राहणं फार दुर्मीळ. आपल्या पैठणीवरच्या आसावलीचा पहिला वेल कोणी काढला ते कोणाला ठाऊक आहे?

तिसरा दिवस, छ्येनलिंग आणि फामन मंदिर

सकाळी गाडी करून पश्चिमेला निघालो. छ्येनलिंग ही थांग सम्राट गाओझोंग आणि त्याची राणी, पुढे स्वतः सम्राज्ञी झालेली वू झत्यान, यांची समाधी. त्या परिसरात त्यांच्या नातीची, राजकन्या योंगथाईची, कबर आहे. ती ७०१ मध्ये वारली, वय सतरा. ७०६ मध्ये तिला सन्मानाने इथे आणून पुन्हा दफन केलं. उतरत्या बोळातून खाली गेलं की भिंतीवर दासींची रांग दिसते. (मूळ चित्रं शिआनच्या संग्रहालयात आहेत, इथे नकला.) कोणाच्या हातात मेणबत्ती, कोणाच्या हातात पंखा, पेला. बहुतेकींच्या अंगात अरुंद बाह्या, वर अर्ध्या बाह्यांचं जाकीट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा परकर. आणि एक मात्र पुरुषी वेषात: लांब अंगरखा, कमरेला पट्टा.

"ही मुलगी आहे?" मावशीने विचारलं.

"मुलगीच. त्या काळात ती फॅशन होती."

ही फॅशन कशी आली त्याची नोंद जुन्या थांग इतिहासाच्या पोशाखांवरच्या प्रकरणात आहे, आणि मी वर्गात ती दरवर्षी वाचून दाखवते. सातव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यावर बसणाऱ्या राजवाड्यातल्या स्त्रिया डोक्यापासून सगळं अंग झाकणारा बुरखा घेत. तो पोशाखही बाहेरच्या टोळ्यांकडून आलेला. साधारण ६५० नंतर त्या जागी काठाला मानेपर्यंत जाळी लावलेली टोपी आली. दरबाराने हुकूम काढून ती बंद करायला सांगितली. थोडे दिवस बंद झाली, मग पुन्हा सुरू. आणि आठव्या शतकात, सम्राट श्वानझोंगच्या काळात, स्त्रिया जाळी काढून मध्य आशियाई टोपी घालून, चेहरा उघडा ठेवून घोड्यावर बसू लागल्या. काहीजणी तर नवऱ्याचे कपडे आणि बूट घालत. राजवाड्यात सुरू झालेलं बाहेरच्या घरांनी उचललं. झाकणंही बाहेरून आलेलं आणि उघडणंही बाहेरूनच. चिनी पोशाख म्हणजे एकसंध, बंदिस्त परंपरा असं ज्यांना वाटतं त्यांनी या टोपीचा पन्नास-साठ वर्षांचा प्रवास बघावा.

याच श्वानझोंगने ७१४ मध्ये राजवाड्यापुढे मोती, जडजवाहीर आणि भरजरी कापडं जाळली होती. दोन्ही राजधान्यांतले जरीकामाचे सरकारी कारखाने त्याने बंद केले. हुकूम कडक होता. पण त्याच्याच राज्यात, पुढे यांग ग्वेफेइ या त्याच्या लाडक्या राणीच्या महालासाठी विणणारे आणि भरतकाम करणारे सातशे कारागीर होते, असं इतिहास सांगतो. मला यात त्याचा दुटप्पीपणा कमी आणि कापडाची ओढ जास्त दिसते.

दुपारी फामन मंदिर. १९८७ मध्ये मोडकळीला आलेल्या मनोऱ्याखालचं तळघर उघडलं, तेव्हा बुद्धाच्या अस्थींबरोबर ८७४ मध्ये आत ठेवून बंद केलेला सगळा नजराणा बाहेर आला. सोन्याचांदीची भांडी, इस्लामी देशांतून आलेली काचपात्रं, आणि रेशीम. दगडावर कोरलेली यादीही सापडली. तिच्यात वू झत्यानने वाहिलेल्या भरतकामाच्या परकराचीसुद्धा नोंद आहे. रेशमाचा मोठा भाग कुजून एकमेकांना चिकटला होता. पण तळहातात मावेल एवढं किरमिजी जाकीट टिकलं आहे, देवाला वाहायचं म्हणून छोट्या मापात केलेलं. त्यावर सोन्याचा धागा वरून टाकून शिवला आहे. बाह्या अर्ध्या, सकाळी भिंतीवर बघितल्या होत्या अगदी तशाच.

मावशी त्या काचेपुढून हलेना. "बाहुलीचं अंगडं शिवतात ना, तेवढंच आहे ग," एवढंच म्हणाली.

चौथा दिवस, गाडीत

शिआनहून पश्चिमेला जाणारी लांब पल्ल्याची गाडी. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी मिळतं. मावशीने बरोबर आणलेल्या मेतकूटभाताला ते चाललं.

खिडकीबाहेर एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसरीकडे वाळवंट, मध्ये चिंचोळा हिरवा पट्टा. याच पट्ट्यातून रेशीम जायचं. पण सगळंच व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांत जात नव्हतं. थांग राज्यात रेशीम हे चलन होतं. साध्या विणीचा ठरलेल्या मापाचा तागा, साधारण बारा मीटर लांब आणि अर्ध्या मीटरहून थोडा रुंद, करात भरला जाई आणि सैनिकांच्या पगारात दिला जाई. ७४५ मध्ये तुनहुआंगच्या एका लष्करी छावणीकडे दोन खेपांत मिळून १५,००० तागे गेल्याची नोंद आहे. सैनिक त्यातूनच धान्य, घोडे, नोकर विकत घेत. बाजारात आलेलं हे रेशीम मग सोग्दी व्यापारी पुढे समरकंदकडे नेत. म्हणजे ज्या वाटेला आपण रेशीम मार्ग म्हणतो, तिच्यावरचं बरंचसं रेशीम पगार होता, हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं नीट कळतं. सरकारी पगार थांबला की बाजारही सुकणार.

पाचवा दिवस, तुनहुआंग

मोगाओच्या गुहा. आधी चित्रपट दाखवतात, मग बसने नेतात, मग मार्गदर्शक विजेरी घेऊन ठरावीक गुहा उघडून दाखवते. आत फोटो काढता येत नाहीत. मला ते आवडलं. डोळ्यांनीच लक्षात ठेवावं लागतं.

रेशीम कुजतं, रंगवलेली भिंत टिकते. म्हणून कापडाच्या अभ्यासकांना या गुहा एवढ्या मोलाच्या. ४२० क्रमांकाची गुहा सुई काळातली. तिथल्या बोधिसत्त्वांच्या मातीच्या मूर्तींवर नेसूचं वस्त्र रंगवलं आहे आणि त्यावर मोत्यांची कडी, आत शिकारीचं दृश्य. अहिंसेच्या मूर्तीच्या अंगावर शिकार! रंगवणाऱ्याने अर्थाचा विचार केला नसावा. त्या वर्षी बाजारातलं सगळ्यात भारी कापड ते, म्हणून देवाच्या अंगावर ते. आपण विठोबाला सणाला काय नेसवतो? घरातलं उत्तमच.

१५८ क्रमांकाच्या गुहेत महापरिनिर्वाणाचा बुद्ध पहुडला आहे. तुनहुआंगवर तिबेटी राज्य असतानाची ही गुहा. त्याच्या डोक्याखालच्या उशीवर तेच मोत्यांचं कडं आणि आत चोचीत माळ धरलेला पक्षी. गळ्यात फीत उडते आहे, ती सासानी राजांच्या मुकुटामागे उडते तशी. शिआनमध्ये तोपर्यंत हे कडं जुनं झालं होतं. सरहद्दीवर ते टिकून राहिलं. राजधानीत जुनी झालेली फॅशन दूरच्या गावात कितीतरी काळ थाटात नांदते.

६१ क्रमांकाच्या गुहेतल्या दात्या स्त्रियांनी मावशीला जिंकलं. दहाव्या शतकात तुनहुआंगवर राज्य करणारं त्साओ घराणं. या घराण्याने मुली खोतानच्या राजाला दिल्या आणि उइगुर राजघराण्यातून सुना आणल्या. भिंतीवर त्या ओळीने उभ्या आहेत: गळ्यात मण्यांच्या पदरापदराच्या माळा, गालांवर फुलं-पक्षी चिकटवलेले, पायघोळ बाह्या, खांद्यावर पक्ष्यांच्या नक्षीची ओढणी. कोणती कुठून आली ते पोशाखावरून ओळखू येतं.

"लग्नाच्या फोटोसारखं आहे," मावशी म्हणाली. "वरमाय कुठली, करवली कुठली, सगळं कळतं."

सहावा दिवस, तुर्फान

ल्युयुआनपर्यंत गाडीने आणि तिथून वेगवान रेल्वेने तुर्फान. ठिकठिकाणी सुरक्षा तपासणी. उतरल्यावर भट्टीसारखी झळ. हा प्रदेश समुद्रसपाटीच्याही खाली आहे, आयदिंग सरोवराची जागा तर १५४ मीटर खाली. द्राक्षांचे मांडव आणि मनुका वाळवायच्या जाळीच्या विटांच्या खोल्या बघून मावशीला नाशिकच आठवलं. उइगुर घरमालकिणीने मूठभर हिरव्या मनुका तिच्या ओंजळीत घातल्या.

दुपारनंतर गाओछांग या जुन्या राजधानीचे अवशेष. मातीच्या भिंती, वारा, आणखी काही नाही. पण इथे आमचा एक ओळखीचा माणूस येऊन गेला आहे: युआन श्वांग, ज्याला आमच्या पिढीने शाळेत ह्युएन त्संग म्हटलं. पुढे जो महाराष्ट्रात आला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या प्रजेबद्दल लिहून गेला, उपकार न विसरणारी आणि अपमान न गिळणारी माणसं म्हणून, तोच. इ. स. ६३० च्या सुमारास इथल्या राजाने त्याला अडवूनच ठेवलं होतं. शेवटी जाऊ दिलं ते वाटखर्च देऊन: सोनं, ३०,००० चांदीची नाणी आणि रेशमाचे ५०० तागे. शिवाय वाटेवरच्या २४ राज्यांना २४ पत्रं, प्रत्येक पत्राबरोबर नक्षीदार रेशमाचा एक तागा. आणि पश्चिमी तुर्कांच्या खानासाठी वेगळे ५०० तागे. परवाना, पैसा आणि भेट, तिन्ही कामं एकाच कापडाने केली. नालंदेपर्यंत आणि आपल्यापर्यंत जो माणूस पोहोचला, त्याची वाट रेशमाने उघडली होती.

सातवा दिवस, अस्ताना

गाओछांगची दफनभूमी. जमिनीखाली उतरणारे अरुंद बोळ, टोकाला खोली. बघायला मोजक्या कबरी उघड्या ठेवल्या आहेत. एकीच्या भिंतीवर फुलांतले पक्षी, इतके ताजे की कालच काढले असावेत.

इथे पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून सगळं टिकलं. कापड टिकलं आणि कागदही. कागद महाग होता, म्हणून कचेऱ्यांतले जुने कागद कापून मृतांसाठी जोडे, टोप्या, पट्टे करत. ते उलगडले तर आत खटले, पावत्या, बाजारभाव! ७४३ सालची बाजारभावांची यादी अशीच मिळाली. प्रत्येक वस्तूचे तीन दर: उत्तम, मध्यम, कनिष्ठ. रेशमात हनानचं वेगळं, सिचुआनचं वेगळं, गावाच्या नावानिशी. वाळवंटातल्या बाजारात गिऱ्हाईक हजारो किलोमीटर दूरच्या गावाचं नाव घेऊन कापड मागत होतं.

"आम्हीही म्हणतोच की, येवल्याची दाखवा, पैठणची दाखवा," मावशी म्हणाली.

दुसरा कागद एका खटल्याचा, साधारण ६७० च्या सुमाराचा. त्साओ लुशान नावाच्या सोग्दी माणसाची तक्रार: माझ्या भावाने एका चिनी व्यापाऱ्याला २७५ तागे रेशीम उसनं दिलं, मग दोघे वेगवेगळ्या वाटेने निघाले, भाऊ पोहोचलाच नाही, आणि करारनामा त्याच्याबरोबरच गेला. साक्षीदार मिळाले आणि न्यायालयाने निकाल सोग्दी माणसाच्या बाजूने दिला. कागदावरची ती तक्रार मी मावशीला चढणीवर बसून सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. तिच्या सासऱ्यांच्या उधारीच्या चिठ्ठ्या मी लहानपणी बघितल्या आहेत.

'लुशान' हे चिनी लिपीत बसवलेलं सोग्दी नाव आहे, 'रोखशान', उजेड. आपली 'रोषणाई' त्याच इराणी घराण्यातली. हेच नाव असलेल्या दुसऱ्या माणसाने, थांगचाच सेनापती असलेल्या आन् लुशानने, ७५५ मध्ये बंड केलं आणि थांग साम्राज्याचा कणा मोडला. सरहद्दीकडे जाणारे रेशमाचे पगार थांबले. राजधानीत परदेशी कपड्यांवर राग निघाला, आपल्या बायका परक्यांसारख्या नटल्या म्हणून हे संकट आलं असं कवी लिहू लागले. ७७१ मध्ये जोडीचे फिनिक्स, सिंह, मोर अशा भरगच्च विणीवर बंदी आली. अरुंद बाह्या पुन्हा रुंद होत गेल्या. राज्यावर संकट आलं की दोष बाईच्या कपड्यांना द्यायचा, हे तेव्हाही होतं. वाचताना मला आजही चीड येते.

आठवा दिवस, उरुमची

शिनच्यांग संग्रहालय. हा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही.

आधी निया या वाळवंटातल्या जुन्या गावी १९९५ मध्ये सापडलेला, हातावर बांधायचा कापडी पट्टा. निळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या धाग्यांत ढग, पक्षी, वाघ, आणि मध्येच विणलेली अक्षरं: 'पाच तारे पूर्वेला उगवतात, चीनला लाभ'. ही चीनची जुनी पद्धत. नक्षी सगळी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रंगांतून काढलेली. त्याच्या पुढच्या काळातला तुकडा शेजारच्या दालनात, ५८९ सालच्या कबरीतला. मोत्यांच्या कड्यात उंट, उंट ओढणारा माणूस आणि दोन चिनी अक्षरं: 'हू राजा', म्हणजे पश्चिमेकडच्या लोकांचा राजा. कड्याच्या खालच्या अर्ध्यात तोच माणूस आणि तोच उंट उलटे, पाण्यात पडछाया पडावी तसे.

मी मावशीला विचारलं, "असं उलटं का विणलं असेल?"

तिने काचेला नाक लावलं. "नक्षी ताण्यात आहे ना? मग लांबीकडे मोठी नक्षी धरायची तर किती फेर लक्षात ठेवायचे? अर्धी बांधायची आणि परतताना तीच उलट क्रमाने उचलायची. निम्म्या कष्टात पूर्ण कडं." मग जरा थांबून म्हणाली, "ताणा एकदा बांधला की बांधला. बाणा आपल्या हातात असतो. रंग बदलावासा वाटला, बदलला."

तिने जे सांगितलं, तेच सातव्या-आठव्या शतकात चिनी विणकरांनी केलं. मध्य आशियात आणि इराणात नक्षी बाण्यातून, आडव्या धाग्यांतून काढत, कारण त्यांचा हात लोकरीवर बसलेला होता. तो नमुना चीनमध्ये आला तेव्हा आधी त्यांनी तो आपल्या ताण्यातच बसवून बघितला. 'हू राजा' हा त्यातलाच प्रयत्न. मग विणायची रीतच बदलली आणि नक्षी बाण्यात गेली. फुलं मोठी झाली, रंग वाढले. परदेशी चव नुसती चित्रापुरती आली नाही, ती मागाच्या आत शिरली. हेच पटवून द्यायला मी वर्गात चार तास घेते. मावशीने ते चार वाक्यांत सांगितलं.

आणि मग ती बाहुली. अस्तानाच्या २०६ क्रमांकाच्या कबरीतली, ६८८ मध्ये दफन झालेल्या छ्यू घराण्यातल्या बाईंबरोबर ठेवलेली. उंची जेमतेम एक वीत आणि चार बोटं. लाकडाचं डोकं, अंगात मोत्यांच्या कड्यांतल्या जोडपक्ष्यांचं जाकीट, पट्ट्यापट्ट्यांचा तांबडा-पिवळा परकर, खांद्यावर ओढणी. हात कागदाचे, आणि तो कागद उलगडला तर त्यात चांगआनमधल्या, म्हणजे आजच्या शिआनमधल्या, गहाणवटीच्या दुकानातल्या नोंदी होत्या. राजधानीत बनलेली बाहुली राजधानीची फॅशन अंगावर घेऊन वाळवंटात आली होती, आणि ती फॅशन मुळात याच वाटेने राजधानीत गेलेली.

तिच्या कमरेला पट्टा आहे, बोटभरही रुंद नाही. चीनमध्ये सापडलेल्या, 'कसं' या चिनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या विणकामाचा हा सगळ्यात जुन्यांपैकी नमुना. लोकरीच्या गालिच्यांसारख्या कापडांत पश्चिमेकडे हे तंत्र फार आधीपासून होतं. प्रत्येक रंगाचा बाणा आपल्यापुरता जातो आणि परततो, पूर्ण रुंदीभर जातच नाही.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, हे आपलं काम आहे," ती म्हणाली. "पैठणीचा पदर असाच भरतात."

दहावा दिवस, हांगझौ

मधला दिवस विमानात आणि झोपेत गेला. हांगझौचं रेशीम संग्रहालय १९९२ मध्ये सुरू झालं. आत चालते माग आहेत. उंच नक्षीच्या मागावर एकजण वर मचाणावर बसून दोऱ्या ओढतो, दुसरा खाली धोटा फेकतो. छंगदूजवळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या कबरीत मागांच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्यांवरून पूर्ण मापाचा माग बांधून इथल्या अभ्यासकांनी निया इथल्या त्या पट्ट्याचं कापड पुन्हा विणलं. ताण्यात दहा हजारांहून जास्त धागे. मावशी आकडा ऐकून "बाई बाई" म्हणाली आणि तिने हात जोडले.

आन् लुशानच्या बंडानंतर विणकामाचं वजन दक्षिणेला, या भागाकडे सरकलं. ८२२ ते ८२४ या काळात इथे कारभारी असलेला कवी बाय जुयी याने त्याआधीच जवळच्या युए प्रांतातल्या बारीक नक्षीदार रेशमावर कविता लिहिली होती. विणणाऱ्या बाईचे कष्ट, आणि एकदा नाचून मळलं की टाकून देणाऱ्या राजवाड्यातल्या बायका. पुढे मंगोलांनी पश्चिमेतले विणकर मुद्दाम आणून वसवले आणि सोन्याच्या धाग्याचं 'नासिज' दरबारी पोशाख झालं. त्याच्याही नंतर कँटनहून समुद्राने मुंबईच्या पारशी घरांत भरतकामाच्या 'गारा' साड्या आल्या. ती वेगळी सहल होईल.

अकरावा दिवस, सूझौ

रेल्वेने सूझौ. 'कसं' विणणाऱ्यांची एक छोटी कार्यशाळा. उइगुरांचे अंगरखे या तंत्राने विणलेले असत अशी बाराव्या शतकातली नोंद आहे. सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) चिनी कारागिरांनी याच तंत्राने रेशमात चित्रं विणली. झू कंरौ या विणकर बाईची कामं आजही जपलेली आहेत. चारशे वर्षांत पश्चिमेची लोकरीची वीण चिनी चित्रकलेची झाली.

मागावर मावशीच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. ताण्यावर ब्रशने नक्षीची रेघ काढलेली, हाताशी होडीसारखे पंधरा-वीस इवले धोटे. फोनवरच्या भाषांतराने आम्ही विचारलं, या कामाचं मर्म काय? त्या चार अक्षरं म्हणाल्या: थोंग जिंग, दुआन वेइ. अखंड ताणा, तुटका बाणा.

मावशीने विणलेला भाग उजेडासमोर धरायला सांगितला. दोन रंग भेटतात तिथे बारीक फटी दिसल्या. तिने मान हलवली आणि आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली: आमच्याकडे इथे धागा धाग्यात गुंतवतात, फट राहत नाही. बाईंना फोनची गरज लागली नाही. त्या हसल्या, बाकावर सरकल्या आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला.

मावशीने पदर खोचला आणि बसली. पाचूच्या हिरव्या रंगाचा धोटा उचलून तिने पाच फेर विणले, रंग भेटला तिथे येवल्यासारखा गुंतवला. बाईंनी बोटाने त्या जागेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग आपल्या सुनेला हाक मारून बोलावलं.